चुकीचा भार कोणाच्या शिरावर?

चुकत चुकतच माणूस शिकतो, हे वाक्य आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात आले आहे. पोळी वेडीवाकडी झाली, पेटीवरचा सूर घसरला, हिशेबाच्या वहीत बेरीज चुकली, की वडीलधारी मंडळी हेच म्हणून धीर देतात. या वाक्यातील औदार्य आम्हांला मान्य आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ती अशी की, चुकीचा भार कोणावर फारसा पडत नाही. वेडीवाकडी पोळी घरातलेच कोणी खाते. चुकलेली बेरीज खोडून पुन्हा करता येते. पण ज्या विद्येत शिकणाऱ्याची चूक दुसऱ्या कोणाच्या देहावर उमटते, तेथे हे वाक्य तितक्याच सहजपणे उच्चारता येईल काय? शिकणारी चुकेल आणि शिकेल. परंतु जिच्या हातून चूक व्हायची ती एक आणि ती सोसायची तो दुसराच जीव, अशा ठिकाणी काय करावे?

या प्रश्नाचा विचार करण्यास निमित्त झाले ते परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शिक्षणात येऊ लागलेल्या एका नव्या साधनाचे. विद्यार्थिनी डोळ्यांवर जाडसर चष्म्यासारखे एक उपकरण चढवते आणि हातांत दोन लहान मुठी धरते. क्षणात तिच्याभोवती रुग्णालयातील खोली उभी राहते. मान वळवावी तिकडे खोलीचा तो तो भाग दिसतो. समोरच्या खाटेवर दहा महिन्यांचे बाळ आहे. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात आहेत, ओठ निळसर पडले आहेत, शेजारी आई उभी आहे, आणि मॉनिटरवरील ऑक्सिजनचा आकडा एकेक पायरी उतरत आहे. विद्यार्थिनीने आता मदतीला हाक मारायची, बाळाची मान योग्य स्थितीत आणायची, ऑक्सिजन लावायचा, श्वास पुरेसा नसेल तर अंबू बॅगने तो द्यायचा, वजन विचारायचे, औषधाची मात्रा मनाशी मोजायची. उशीर झाला तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावत जातात. कोणती गोष्ट कितव्या सेकंदाला केली याची नोंद यंत्र ठेवते. शेवटी उपकरण उतरवून विद्यार्थिनी शिक्षिकेसमोर बसते आणि झालेल्या प्रत्येक गोष्टीची उजळणी होते. बाळ मात्र कोठेच नव्हते. यास आभासी वास्तव म्हणतात. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा जो सुधारित अभ्यासक्रम लागू केला त्यात सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्या प्रसंगाच्या प्रतिरूपावर करावयाच्या सरावाला, स्थान दिले आहे. २०२० च्या महासाथीत विद्यार्थिनींना वॉर्डात जाणे बंद झाले, तेव्हा अनेक देशांना पडद्यावरील अशा सरावाचाच आधार घ्यावा लागला होता.

साधन नवे असले तरी त्यामागील कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय केवळ सरावाला वाहिलेला आहे. शिष्य शास्त्र कितीही शिकलेला असो, हाताने सराव केल्यावाचून तो कर्मास योग्य होत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. आणि छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर, शिरावेधाचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर करावा, असा तपशील दिला आहे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात मादाम द्यू कूद्रे या सुईणीने कापड व चामडे यांचे गर्भाशयासह एक प्रतिरूप बनवले, आणि १७५९ साली राजा पंधरावा लुई याची आज्ञा मिळाल्यावर गावोगाव हिंडून खेड्यांतील स्त्रियांना त्यावर प्रसूतीचे शिक्षण दिले. अमेरिकेत हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयात १९११ साली पूर्ण उंचीची एक बाहुली आली. ती बाहुल्या करणाऱ्या मार्था चेस या बाईंनी घडवली होती, म्हणून विद्यार्थिनी तिला मिसेस चेस म्हणत. १९६० साली नॉर्वेतील खेळणी बनवणारे ओस्मुंड लॅर्डाल यांनी तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे शिकवण्यासाठी जो पुतळा तयार केला, तो आजही जगभर वापरला जातो. सुईण, बाहुल्या करणारी बाई आणि खेळणी बनवणारा कारागीर यांनी लावलेला हा हातभार आहे. बाळाच्या जिवावर न शिकता बाळाला वाचवण्यास शिकावे, ही ओढ यंत्रयुगाच्या पुष्कळ आधीची आहे, हे यावरून दिसून येईल.

याच इतिहासात एक गोष्ट आम्हांला विशेष बोलकी वाटते. विमान चालवण्याचा जमिनीवर सराव देणारे पहिले उपयुक्त यंत्र एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली बनवले. त्यांच्या वडिलांचा बाजे व पियानो बनवण्याचा कारखाना होता आणि त्यातीलच हवेचे भाते त्यांनी या यंत्रासाठी उपयोगात आणले. प्रथम लोकांनी त्यास जत्रेतील खेळणे समजून सोडून दिले. पुढे १९३४ साली खराब हवामानात टपाल वाहून नेताना अमेरिकन लष्कराचे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा लष्कराने ती यंत्रे विकत घेतली. हवाई क्षेत्रात असा सराव त्यानंतर सक्तीचाच झाला. वैद्यकाने मात्र यास कितीतरी उशीर लावला. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाकाठी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत असा अंदाज दिला, तेव्हा कोठे या सरावाची चर्चा जोराने सुरू झाली. हा उशीर का झाला असावा? कारणे अनेक असतील, परंतु एक उघड आहे. टपाल नेणारा वैमानिक चुकला तर त्याचा स्वतःचा जीव जात असे. वॉर्डात चूक एकाची आणि प्राण दुसऱ्याचा. जेथे चुकीची किंमत चुकणाऱ्यालाच मोजावी लागते तेथे ती किंमत फार लवकर ध्यानात येते.

आता मुलांकडे वळू. मुलांच्या आणीबाणीच्या प्रसंगांत या प्रश्नाची धार सर्वांत अधिक लागते. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, हे बालरोगशास्त्रातील पहिलेच सूत्र आहे. प्रौढाचे हृदय बंद पडते ते पुष्कळदा हृदयाच्याच विकाराने. मुलाचे हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळे किंवा शरीरातील द्रव घटल्यामुळे थांबते. म्हणजे आधी काही काळ सूचना मिळत असते, ती ओळखणारे डोळे मात्र हवेत. मुलाचे शरीर शेवटपर्यंत सांभाळून नेते. रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो आणि मग सारे एकदम कोसळते. दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे ८०० मिलिलिटर, म्हणजे लिटरभराहूनही कमी. त्याला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही. आणि प्रत्येक औषध वजनावर मोजून द्यावे लागते. हृदय बंद पडल्यावर द्यावयाच्या ॲड्रिनलिनचेच उदाहरण घ्या. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या बाळास ०.१ मिलिग्रॅम. हाती येते त्या एक मिलिलिटरच्या कुपीत असते १ मिलिग्रॅम. ते सलाईनने दहा मिलिलिटर करून त्यातले एकच मिलिलिटर द्यायचे. घाईत पूर्ण कुपी गेली तर दसपट औषध गेले. कचेरीत दशांश चिन्ह चुकले तर कागद शेऱ्यासह परत येतो. येथे परत येण्यासारखे काही राहत नाही. भेदरलेल्या माणसाच्या डोक्यावरून ही आकडेमोड उतरावी म्हणून तर जेम्स ब्रोझलो या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात मुलाची उंची मोजून वजन व मात्रा दाखवणारी रंगीत पट्टी तयार केली.

असे प्रसंग विद्यार्थिनीच्या वाट्याला किती येतात? फार थोडे, आणि येतात तेव्हा तिला भिंतीशी उभे राहण्यास सांगितले जाते. ते योग्यही आहे. बाळाचा जीव जात असताना तेथे शिकाऊ हातांना जागा नसावी. परंतु याचा परिणाम असा होतो की, जे प्रसंग शिकणे सर्वांत आवश्यक तेच प्रत्यक्षात शिकता येत नाहीत. पदवी मिळते, नेमणूक होते, आणि मग एखाद्या रात्री वॉर्डात आपण एकट्याच असताना तो पहिला प्रसंग समोर उभा राहतो. त्या रात्रीचे बाळ हेच तिचे पहिले पुस्तक ठरते.

येथेच नैतिक प्रश्नाचा गाभा आहे, असे आम्हांला वाटते. आजवर या व्यवस्थेचे समर्थन कसे केले जात असे? कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा सुई टोचणारच. आज एका मुलाला थोडा त्रास झाला तरी त्यातून तयार झालेली परिचारिका उद्या हजारोंना वाचवील. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. परंतु त्यात दोन उणिवा आहेत. पहिली, हे एक मूल कोणाचे? ज्यांना ऐपत आहे ते आपल्या मुलासाठी अनुभवी हात मागून घेतात. शिकाऊ हात पडतात ते आसपासच्या जिल्ह्यांतून, एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या शहरातील सरकारी रुग्णालयात आणलेल्या मुलांवर. त्यांच्या आईबापांना कोणी विचारत नाही आणि विचारले तरी नाही म्हणण्याचे बळ त्यांच्यात नसते. हजारोंच्या कल्याणासाठी आकारलेला हा कर एकाच वर्गाकडून वसूल होत आला आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, असे कांट या तत्त्ववेत्त्याने १७८५ साली मांडले. वॉर्डातील ते मूल उपचारही घेत असते, म्हणून ते केवळ साधन नव्हे, असे म्हणता येईल. परंतु ज्या क्षणी त्याच्यावर अननुभवी हात पडतो तो क्षण त्याच्यासाठी नसतो, शिकणारीसाठी असतो, हे नाकारता येत नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. हे समर्थन नाइलाजाचे आहे. अन्य मार्ग नव्हता म्हणून हे क्षम्य होते. परंतु मार्ग उपलब्ध झाल्यावर नाइलाजाची सबब उरत नाही. काल जे दुर्दैव होते ते आज दुर्लक्ष ठरते. इस्रायलमधील डॉक्टर अमिताई झिव आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली एका निबंधात हाच मुद्दा मांडला होता: प्रतिरूपावरचा सराव हा शिक्षणातील सोयीचा भाग नसून नैतिक कर्तव्य आहे. आम्हांला हे म्हणणे पटते. आभासी बाळावर दहा वेळा चुकून अकराव्या वेळी बरोबर करणे शक्य असताना पहिली चूक खऱ्या बाळावर होऊ देणे, हे समर्थनीय नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, असे जुनी माणसे म्हणतील. खरे आहे. परंतु त्याच जुन्या माणसांनी विहिरीत ढकलण्यापूर्वी आपल्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता, याचेही स्मरण ठेवावे. भोपळा कायमचा नसतो आणि त्याने पाणीही टळत नाही. पहिली गटांगळी जिवावर बेतू नये एवढेच त्याचे काम. आणि येथे अनुभवाचा आधारही आहे. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष वॉर्डातील तासांपैकी निम्मे तास सरावाला दिले तरी विद्यार्थ्यांचे ज्ञान व कौशल्य उणे पडले नाही, असे त्यात आढळले. मात्र त्यातील सराव मुख्यतः पुतळे आणि रुग्णाची भूमिका वठवणारी माणसे यांवरचा होता, आभासी चष्म्यावरचा नव्हे. आणि प्रशिक्षित शिक्षक, पुरेशी साधने व सरावानंतरची पद्धतशीर चर्चा या अटी होत्या. अटी वगळून निष्कर्ष तेवढा उचलणे हा आपल्याकडील जुना रोग आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरा आक्षेप स्पर्शाचा. आभासी वास्तव डोळ्यांना आणि कानांना पुष्कळ देते, हातांना जवळजवळ काहीच देत नाही. तापाने फणफणलेल्या अंगाची आच, गुबगुबीत हातावर न सापडणारी शीर, छाती दाबताना बोटांखाली जाणवणारा लवचीकपणा, यांतले काहीही प्लास्टिकच्या मुठीतून कळत नाही. तेव्हा दाब किती खोल द्यावा, तर छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, आणि किती वेगाने, तर मिनिटास १०० ते १२० वेळा, हे पुतळ्यावरच शिकावे लागेल. चष्म्याने काय शिकवावे? आधी काय पाहावे, कशाच्या आधी काय करावे, कोणाला हाक मारावी, आणि समोर आई रडत असताना मोजणी कशी चुकू द्यायची नाही, हे. प्रत्येक साधनाची आपापली जागा आहे. एकाने दुसऱ्याची जागा बळकावली की बिघाड होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल जातो आणि तो सहज निकालात काढण्याजोगा नाही. जेथे कोणी मरत नाही तेथे जबाबदारी कशी शिकता येईल? चूक झाली, यंत्र पुन्हा सुरू केले, बाळ पुन्हा जिवंत. असे शंभर वेळा घडल्यावर चुकीचे वजनच मनातून उतरणार नाही काय? चरकाने परिचर्या करणाऱ्याचे चार गुण सांगितले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आपला परिचारिका हा शब्दही त्याच कुळातला. यांतील उपचारांचे ज्ञान आणि हातातील चलाखी यंत्राने येईल; स्वच्छतेची शिस्तही लावता येईल. परंतु अनुराग, म्हणजे त्या रुग्णाविषयीची आपुलकी, जो कोणी अस्तित्वातच नाही त्याच्याविषयी कशी वाटावी?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. प्रथम असे वाटते की, हा आक्षेप भीती आणि विवेक यांची गल्लत करतो. खऱ्या बाळावर हात चालवताना जी धडधड होते ती पुष्कळदा भीती असते, आणि भीतीने हात कापतो, डोळा चुकतो, आकडा चुकतो. ज्या विद्यार्थिनीला हालचालींचा क्रम अंगवळणी पडला आहे, तिचे मन त्या क्रमातून मोकळे होऊन बाळाकडे आणि आईकडे पाहू शकते. स्वयंपाकात मुरलेली गृहिणीच पाहुण्याशी हसून बोलू शकते. नवखीचे सारे लक्ष फोडणी जळेल काय यात असते. तेव्हा दाक्ष्य आल्याने अनुरागाला जागा होते, हेही खरे. परंतु जागा होणे निराळे आणि ती भरणे निराळे. ती भरण्याचे काम यंत्र करू शकत नाही. ते वॉर्डात, अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभे राहून, त्या मुलाचे नाव विचारून, रात्री दोन वाजता त्याच्या बापाला पाणी देऊनच होते. म्हणून वॉर्डातील दिवस कमी करून त्यांच्या जागी चष्मा आणावा, ही सूचना आम्हांला मान्य होणार नाही. वॉर्डातील पहिली चूक चष्म्याने घ्यावी आणि वॉर्डाने माणूस घडवावा.

याच संदर्भात या क्षेत्रातील शिक्षकांमध्ये एक वाद आहे. सरावातील रुग्णाला मरू द्यावे की नाही? काही म्हणतात, मृत्यू दाखवला तर विद्यार्थिनी खचते, शिकत नाही. काही म्हणतात, न दाखवला तर ती खोटे शिकते. आमच्या मते, आभासी बाळाचा मृत्यू शिक्षा म्हणून कधीही घडवू नये. तू चुकलीस म्हणून बाळ गेले, असे वीस वर्षांच्या मुलीला दाखवून तिला धडा मिळत नाही, व्रण मिळतो. परंतु सारे योग्य करूनही काही मुले वाचत नाहीत, हे सत्य तिने पहिल्यांदा एकटीने, खऱ्या आईसमोर शिकावे, हेही क्रूर आहे. कधीतरी, सांगून-सवरून, शिक्षिका शेजारी असताना, तो मृत्यू तिने पाहावा; आणि मग त्याविषयी बोलण्यास पुरेसा वेळ असावा. आईला काय सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, स्वतः रडू आले तर काय करायचे, हेही परिचर्येचेच शिक्षण आहे. ती चर्चा होणार नसेल तर त्या पाठाला हातच लावू नये.

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. यंत्राला जे सांगितले आहे तेच ते परत सांगते. गंभीर तापाने आजारी पडलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना शिरेतून झपाट्याने बरेचसे द्रव द्यावे, ही रीत कित्येक वर्षे सर्वत्र बिनतक्रार मान्य होती. केनिया, युगांडा आणि टांझानिया या देशांत, अतिदक्षता विभागाची सोय नसलेल्या रुग्णालयांतील ३,१४१ मुलांवर हीच गोष्ट काळजीपूर्वक तपासली गेली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुलाबाने किंवा अतिकुपोषणाने आजारी असलेली मुले त्यात नव्हती. ज्यांना झपाट्याने द्रव दिले त्यांच्यापैकी पहिल्या ४८ तासांत शेकडा सुमारे १०.५ दगावली, ज्यांना तसे दिले नाही त्यांच्यापैकी शेकडा ७.३. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आता कल्पना करा की, त्याच्या आदल्याच वर्षी एखाद्याने या प्रसंगाचा आभासी पाठ तयार केला असता. द्रव देण्यात कचरणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण कापले गेले असते आणि बेधडक देणारीचे आभासी बाळ गुलाबी होऊन हसले असते. खरे बाळ मात्र यंत्राच्या मताला बांधलेले नसते. म्हणून प्रत्येक पाठ कोणी, कोणत्या वर्षीच्या ज्ञानावर आणि कोणत्या देशातील रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून बनवला, हे शिक्षिकेने विचारलेच पाहिजे. बाहेरच्या पाठातील खोलीत सारी उपकरणे हाताशी असतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरची किल्ली शोधण्यापासून आरंभ असतो. तो शोधही पाठात असावा.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला शेवटची चिंता निराळीच वाटते. यंत्र खरेदी करण्यास मंजुरी मिळते. ते चालवणारी व्यक्ती नेमण्यास मिळत नाही. यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन करता येते, वर्षअखेरीस त्यावर निधी खर्ची टाकता येतो. शिक्षिकेचे पद मात्र वर्षानुवर्षे रिक्त राहू शकते आणि त्यावर कोणी शेरा मारत नाही. एका संस्थेत असेच सरावाचे पुतळे वेष्टनासह कपाटात कुलूपबंद पाहिल्याचे आम्हांला स्मरते. खराब होतील म्हणून ते विद्यार्थिनींच्या हाती देत नसत. पुतळा सुरक्षित राहिला, शिकाऊ हात पुन्हा मुलांकडे गेले. वर पाहिलेल्या साऱ्या विवेचनात एकच गोष्ट पुन्हापुन्हा आली आहे: सरावानंतर शेजारी बसून बोलणारी जाणती शिक्षिका. ती नसेल तर चष्मा हे महागडे खेळणे आहे. ती असेल तर दुधी भोपळाही पुष्कळ शिकवू शकतो. आणि साधने काही मोजक्या धनवान महाविद्यालयांत गेली, तर पुन्हा तोच अन्याय नव्या रूपात उभा राहील: तेथील विद्यार्थिनी आभासी बाळावर शिकतील, इतर सर्व गरिबांच्या मुलांवर.

आपल्या समाजाने यात काय करावे? पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा पांढरपेशा घरांतून नाके मुरडली गेली होती. आज नाके मुरडली जात नसली तरी आपल्या देणग्या शस्त्रक्रियागृहाच्या कोनशिलेकडे जातात, परिचर्या विद्यालयाकडे क्वचितच. ज्या हातांत आपले नातवंड मध्यरात्री सोपवावे लागते ते हात कसे तयार झाले, याची चौकशी करण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि तो वापरणे कर्तव्यही आहे.

चुकत चुकतच माणूस शिकतो, हे वाक्य टाकून देण्याचे कारण नाही. शिकणारीला चुकण्याचा हक्क आहे. प्रश्न एवढाच की, तो हक्क पुरवण्याचे ऋण कोणाचे? आमचे उत्तर असे की, ते ऋण समाजाचे, संस्थेचे आणि शिक्षकांचे आहे. आजारी मुलाने ते फेडावे असे त्याने कोणाकडून काहीच घेतलेले नाही. इतके सारे केल्यावरही एखाद्या रात्री एखाद्या चांगल्या परिचारिकेच्या हातून चूक होईल आणि समोर आईबाप उभे असतील. ती वेळ कोणत्याही यंत्राने टळणार नाही. मात्र त्या आईबापांच्या डोळ्यांला डोळा देऊन, आम्हांला करता येण्याजोगी सारी तयारी आम्ही तुमचे मूल येथे येण्यापूर्वीच केली होती, असे म्हणता येणे आणि न येणे, यांत मोठे अंतर आहे. आज बहुतेक ठिकाणी ते म्हणता येत नाही.